मनोऱ्यातले चौऱ्याऐंशी फेरे

“ताई, चमत्कार! दहाची पोलादपूर गाडी आज आठ वाजताच आली!” चवदार तळ्याच्या पायऱ्या दोन-दोन करून उतरत सदू ओरडला.

नीलाने मान वर केली. बाजारपेठेच्या टोकाचा मनोरा तिथूनही स्पष्ट दिसायचा. त्यावरच्या घड्याळाचे काटे आठावर चिकटले होते. काल, गुरुवारी, संध्याकाळी आठला थांबले ते थांबलेच!

“तिसरा आठवडा,” ती पुटपुटली.

“आणि रविवारी समितीची सभा! एसटीचा कंडक्टर म्हणत होता, घड्याळ काढून भोंगा बसवणार. भों-ओं-ओं!”

“गप रे! म्हैस ओरडतेय असं वाटतं.”

हे घड्याळ आठवड्याच्या चावीवर चाले. दर शनिवारी सकाळी आठ वाजता मनोरा समितीच्या कपाटातून किल्ली मिळे, श्रीपतकाका वर चढत आणि चावी देत. मग पुढच्या शनिवारपर्यंत कुलूप. तीस वर्षे हा क्रम चुकला नव्हता. या मे महिन्यात मात्र घड्याळाला काय झाले कोण जाणे! पहिल्या आठवड्यात ते शुक्रवारी संध्याकाळी थांबले, दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी, आणि आता गुरुवारीच. श्रीपतकाका म्हातारे झाले, चावी द्यायला विसरतात, असे लोक उघड बोलू लागले होते.

नीलाला काकांचे वाईट वाटत होते. पण खरे सांगायचे तर तिच्या पोटात दुखत होते ते दुसऱ्याच कारणाने. त्या कारणाचे नाव होते आवडी!

काकांचा उजवा खांदा आखडल्यापासून, म्हणजे दोन वर्षे, चावीचे हँडल नीला फिरवत होती. सातवीतल्या दुसऱ्या कुणालाही मनोऱ्याचा जिना चढायची परवानगी नव्हती. घड्याळाची वहीसुद्धा तीच लिहायची. आणि पंधरा दिवसांपूर्वी ही आवडी आली. पोलादपूरच्या वरच्या डोंगरवाडीतली, सुट्टीपुरती महाडात आत्याकडे, गोदूबाईकडे, राहायला आलेली. काकांकडे दूध घालायला गेली आणि तिथेच रेंगाळली. “ह्ये चाक ह्या चाकाला का ढकलतं?” असे काहीतरी तिने विचारले आणि काका खूश! मागच्या शनिवारी तिला वर नेले. तेलाची बुदली तिच्या हातात दिली. ती बुदली नीलाला सहा महिन्यांनी मिळाली होती!

“उद्या ती येणार नसेल ना?” नीलाने विचारले.

“येणार! काकांनी तिला सांगताना मी ऐकलंय,” सदू म्हणाला. “तुझ्या नाकाचा शेंडा लाल झालाय गं ताई.”

“उन्हानं झालाय!”

*

शनिवारी आठला तिघे काकांच्या मागोमाग जिना चढले. वरच्या खोलीत यंत्र होते. त्याच्या पिंपावर तारेचा दोर गुंडाळलेला. दोराच्या टोकाला लोखंडी वजन टांगलेले. मनोऱ्याच्या पोटात एक लाकडी बोगदा थेट जमिनीपर्यंत गेला होता. त्यातून ते वजन आठवडाभर हळूहळू खाली उतरे आणि त्याच्या ओढीवर घड्याळ चाले. वरून डोकावले तर नुसता काळोख दिसे.

“जयभीम, काका,” नीला म्हणाली आणि हँडल घ्यायला सवयीने पुढे झाली.

“थांब पोरी. आज आवडीला फिरवू दे. तू वही धर.”

नीलाच्या कानशिलांत काहीतरी तापले. तिने वही धरली. इतकी घट्ट, की कोपरा दुमडला.

आवडीने परकराचा ओचा खोचला, हँडल धरले आणि फिरवायला सुरुवात केली. पहिलाच फेरा घेऊन ती थबकली.

“काका, ह्यो हलका लागला! दुसरा जड हाय, पन पैला फुकट फिरला.”

काका यंत्राच्या पलीकडे वाकून लंबक पुसत होते. त्यांना हल्ली कमी ऐकू येई.

“आमच्या इहिरीत पोहरा तळाला टेकला ना, की रहाट असाच फुकट फिरतो,” आवडी नीलाला म्हणाली. “दोर सैल पडतो. खाली कायतरी टेकलंय गो!”

“हे घड्याळ आहे, विहीर नाही,” नीला म्हणाली. “फिरव मुकाट्यानं.”

आवडी फिरवत राहिली. वीस फेरे झाले की खिशातला एक खडा ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत होती. तिसरा खडा ठेवला, आणखी सहा फेरे झाले आणि दोरावरची लाल खूण पिंपाशी आली. ही खूण दिसली की थांबायचे, असा नियम होता.

“तीन इसा आन सा!” आवडी म्हणाली.

सदूने डोळे विस्फारले. “म्हणजे किती?”

“तीन विसा आन वर सा. आमी शेरडं अशीच मोजतो. एक बी हरवत नाय!”

“ही शेरडं नाहीत,” नीला फणकारली. “दर आठवड्याला चौऱ्याऐंशी फेरे होतात. तुझी मोजणी चुकलीय.” आणि तिने वहीत ठसठशीत लिहिले: ८४.

लिहिताना मात्र तिची नजर वरच्या ओळींतल्या ८४ वर गेली. मागच्या शनिवारी तिने स्वतः फेरे मोजले होते का? त्याच्या आधीच्या? नव्हते! पहिले वर्षभर तिने इमानदारीने मोजले. दर वेळी चौऱ्याऐंशीच भरत. मग कंटाळा आला. लाल खूण दिसली की थांबायचे आणि वहीत ८४ लिहून मोकळे व्हायचे, असे कित्येक महिने चालले होते.

काकांनी लंबकाला हात लावला. टक्... टक्... घड्याळ चालू झाले.

खाली उतरतात तो दारात महादूशेठ उभे! ते समितीचे उपाध्यक्ष. पांढरे स्वच्छ धोतर, हातात छत्री.

“काय श्रीपतराव, दिली का चावी? की विसरलात?”

“वही बघा,” काका शांतपणे म्हणाले.

महादूशेठने पाने उलटली. “चौऱ्याऐंशी... चौऱ्याऐंशी... इथंही चौऱ्याऐंशी. मग तर प्रश्नच मिटला! पूर्ण चावी देऊनही घड्याळ थांबतंय, म्हणजे यंत्र झिजलं. उद्या सभेत हीच वही दाखवतो. भंगारात घालू आणि भोंगा आणू!”

“एखादा आकडा चुकला असेल हो,” सदू मध्येच म्हणाला.

“नाही बाळ,” काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. “नीलाचा आकडा कधी चुकायचा नाही. यंत्रच झिजलं असेल.”

नीलाने जमिनीकडे पाहिले. तिला तिथल्या तिथे बोलता आले असते. पण शेजारीच आवडी उभी होती, खिशातले खडे खुळखुळवत!

*

दुपारी नीला पाटीवर आकडेमोड करत बसली. एका फेऱ्याला दोर चार इंच गुंडाळला जातो आणि त्यावर घड्याळ दोन तास चालते, हे काकांनीच तिला शिकवले होते. चौऱ्याऐंशी फेरे, म्हणजे एकशे अडुसष्ट तास. बरोबर सात दिवस!

आता गुरुवारी संध्याकाळी आठ ते शनिवारी सकाळी आठ. छत्तीस तास. छत्तीस तास घड्याळ बंद, म्हणजे वजन अठरा फेऱ्यांइतके खाली उतरलेच नाही. चौऱ्याऐंशीतून अठरा गेले...

सहासष्ट!

तीन विसा आणि सहा.

पाटी तिच्या मांडीवरून घसरली. त्या शेरडं मोजणारीचा हिशेब मिनिटाचाही फरक न पडता बरोबर होता! आनंद व्हायला हवा होता. उलट अंगाचा तिळपापड झाला. हिलाच कसे दिसले? दोन वर्षे हँडल माझ्या हातात होते!

“अठरा गुणिले चार, बहात्तर,” ती स्वतःशी म्हणाली. “बहात्तर इंच, म्हणजे सहा फूट. सदू, वजन जमिनीच्या सहा फूट वरच कशावर तरी टेकतंय! चल!”

मनोऱ्याच्या तळाच्या खोलीचे दार मागच्या गल्लीत होते. तिथे आवडी आधीच उकिडवी बसली होती! नीलाला परत जावेसे वाटले.

“ह्ये बघा,” आवडी म्हणाली. उंबऱ्यावर राखाडी भुकटी सांडली होती. तिने बोटाने चिमूटभर उचलली. “राख नाय. राख मऊ असते.”

सदूने चिमटीत थुंकी मिसळली आणि ऐटीत गोळा केला. “सिमेंट! आमच्या शाळेची भिंत बांधताना मी पाहिलंय.”

त्या काळी सिमेंट परमिटशिवाय मिळत नसे. मिळाले की लोक ते सोन्यासारखे जपत, कारण पाऊस तोंडावर आला की गोणी भिजून दगड होण्याची भीती. आणि महादूशेठचे नवे घर तर निम्मे बांधून झाले होते.

“या खोलीची किल्ली कुणाकडे असते?” सदूने विचारले आणि स्वतःच उत्तर दिले. “महादूशेठकडे!”

“दर आठवड्याला थोड्या गोणी,” नीला हळूच म्हणाली. “दोन फूट, चार फूट, सहा फूट. रचलेल्या गोणींवर वजन येऊन बसतं आणि घड्याळ थांबतं.”

“मंग सांग ना गो काकांना!”

नीलाने उंबऱ्यावरची भुकटी पायाने चिवडली.

आवडीने तिच्याकडे नीट पाहिले. “तुझी वही खोटी पडंल म्हनून?”

“मी सवयीनं लिहिलं! मुद्दाम नाही!”

“मी नाय सांगायची,” आवडी उठत म्हणाली. “तुझी वही हाय. तूच सांग.” आणि परकर झटकून ती निघून गेली.

नीला तिच्या पाठीकडे बघत राहिली. आता चांगले वागायचे, तेही हिनेच! माणसाने हेवा करावा तरी किती बाजूंनी करावा!

*

रविवारी सकाळी मनोऱ्याखाली सतरंजी अंथरली होती. अध्यक्षस्थानी प्रयागबाई होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, जाड भिंगांचा चष्मा. अर्धी बाजारपेठ जमली होती. महादूशेठने वही उंच धरली.

“ही बघा! तीन आठवडे पूर्ण चावी, तरी घड्याळ बंद. यंत्र झिजलं, हे श्रीपतरावांच्या वहीवरूनच सिद्ध होतं!”

काका सतरंजीच्या कडेला बसले होते. खिशातली तेलाची बुदली काढून त्यांनी समोर ठेवली. बहुधा ती परत करायला आणली होती.

ती बुदली पाहिली आणि नीला उभी राहिली.

“वही खोटी आहे!”

सगळ्या माना वळल्या.

“मी... मी फेरे न मोजताच आकडा लिहायचे. काकांची चूक नाही. काल आवडीनं मोजले. सहासष्ट भरले. मी तिला खोटं पाडलं आणि चौऱ्याऐंशी लिहिलं.”

काकांनी तिच्याकडे नुसते पाहिले. रागावले असते तर बरे वाटले असते.

“सहासष्ट काय आणि सत्तर काय!” महादूशेठ हसले. “पोरांच्या गोष्टी ऐकत बसायचं का?”

“मला ऐकायचंय,” प्रयागबाई म्हणाल्या. “बोल मुली. अठरा फेरे कमी. त्यावरून काय निघतं?”

“वजन जमिनीच्या सहा फूट वर अडतंय, बाई. तळाच्या खोलीत, बोगद्याखालच्या कोपऱ्यात, सहा फूट उंचीचं काहीतरी रचलेलं आहे. मी आत पाहिलेलं नाही. दार उघडून मोजा. सहा फूट भरलं नाही तर... तर मी पुन्हा मनोरा चढणार नाही!”

महादूशेठचे हसू मावळले. “त्या खोलीत काय असणार? झाडू-बादल्या!”

“मंग उघडा की!” मागून आवडीचा आवाज आला.

“उघडा! उघडा!” सदूने सूर धरला आणि पाच-पन्नास जणांनी तो उचलला.

“किल्ली, महादूशेठ,” प्रयागबाईंनी हात पुढे केला.

दार उघडले. आत छताला भिडेल अशी रास नव्हती, पण कोपऱ्यात राखाडी गोणींची थप्पी होती. बोगद्याची खालची फळी काढून गोणी थेट आत सरकवल्या होत्या! प्रयागबाईंनी शिंप्याकडून टेप मागवली. सदूने खालचे टोक पायाने दाबले, आवडी झरकन थप्पीवर चढली.

“बहात्तर!” सदू किंचाळला. “बहात्तरच्या वर अर्धा इंच!”

“आन हितं खळगा हाय!” आवडी वरून ओरडली. सगळ्यात वरच्या गोणीवर परातीएवढा गोल ठसा उमटला होता. तीन मण लोखंड दीड दिवस तिथे आरामात बसले होते!

बाजारपेठेत हशा पिकला. महादूशेठ छत्रीशी चाळा करू लागले. “मला काय ठाऊक, ते वजन इतकं खाली येतं! जागा रिकामी दिसली, गोणी कोरड्या राहतील म्हटलं...”

“आणि यंत्र झिजल्याचं मात्र ठाऊक होतं!” प्रयागबाई म्हणाल्या. “सूर्य मावळायच्या आत खोली रिकामी करा. फळीही बसवून द्या. भोंग्याचा विषय संपला. आणि श्रीपतरावांची सगळ्यांसमोर माफी मागा.”

महादूशेठने मागितली. जरा हळू आवाजात, म्हणून लोकांनी त्यांना दुसऱ्यांदा मागायला लावली!

मग प्रयागबाईंनी आवडीला जवळ बोलावले. “शाळेत कितवीला आहेस?”

“तिसरी केली. मंग सोडली. वाडीत पुढं शाळाच नाय.”

“जूनपासून आत्याकडे राहा आणि माझ्याकडे ये. गोदूबाईशी मी बोलते. इतकं नीट मोजणारी मुलगी मी फार वर्षांनी पाहिली.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीलाला पुन्हा हेव्याची बारीक सुई टोचली. इतक्यात प्रयागबाई तिच्याकडे वळल्या. “आणि तू, दाराआडची थप्पी गणितानं मोजलीस! माझ्या हाताखालून किती मुलं गेली, पण स्वतःचा आकडा स्वतः उठून खोडणारी विरळाच.”

सुई गेली नाही. बोथट मात्र झाली.

*

पुढच्या शनिवारी घड्याळ चालू होते. काटे आठावर होते, आणि खरेच आठ वाजले होते! वर पोचल्यावर नीलाने वही काकांपुढे धरली.

“तुम्हीच ठेवा, काका. किंवा आवडीला द्या.”

“आवडीला लिहायला अजून वेळ आहे,” काका म्हणाले. “ती खडे ठेवील. तू हँडल फिरव आणि मोठ्यांदा मोज. दोघींचं जुळलं तरच लिहायचं.”

नीलाने हँडल धरले. पहिला फेरा जड लागला. तिने आवडीकडे पाहिले. आवडीने मान डोलावली.

“एक... दोन... तीन...”

चौथा खडा कट्ट्यावर पडला तेव्हा नीलाला घाम फुटला होता. आणखी चार फेरे, आणि दोरावर लाल खूण!

“चार इसा आन चार!” आवडी ओरडली.

“चौऱ्याऐंशी!” नीला तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडली. आणि मग वही उघडून, मागचे तीन आकडे एकेक रेघ मारून खोडून, तिने आजचा आकडा लिहिला.