चपला तुझ्या दाराशी

फतीहाला गाण्यांची चिरफाड करायला आवडायचं. ओरानच्या रेडिओवर दर गुरुवारी ती एक जुनं गाणं घ्यायची आणि ते आधी कुणी म्हटलं, मग कुणाकुणाच्या गळ्यात गेलं, हे पुराव्यानिशी मांडायची. ऐकीव गप्पांचा तिला मनस्वी तिटकारा. 'चपला तुझ्या दाराशी'ची चार ध्वनिमुद्रणं तिनं जमवली, तेव्हाही तिला वाटलं होतं की हे दोन दुपारींचं काम आहे.

गाणं तसं साधंच. प्रियकराला चोरून भेटायला गेलेली बाई घाईत अनवाणी पळते, चपला त्याच्या दाराशी राहतात, आणि सकाळी त्याची आई त्या बरोबर ओळखते. एकाहत्तर साली शेखा बख्तानं ते बासरी आणि डफावर म्हटलं. चौऱ्याऐंशीत जिलालीनं कॅसेटवर, इलेक्ट्रिक कीबोर्ड लावून. सत्त्याण्णवला नूरियानं मार्सेयमध्ये, धडाधड ड्रम बडवत. आणि गेल्या वर्षी यासिननं; मूळ गाणं ओळखू येऊ नये असा त्याचा पणच असावा.

चारही गाण्यांत एक गोष्ट मात्र तशीच होती. लग्नात गाणं रंगलं की कुणीतरी बर्राहच्या, म्हणजे पुकारा करणाऱ्याच्या हातात नोट सरकवतो आणि तो गाणं मधेच तोडून ओरडतो, "हे अमक्यासाठी!" कॅसेटांतही असे पुकारे भरायची रीत. इथे चारही वेळा, दुसऱ्या कडव्याच्या आधी, कुणीतरी बारीक खोकायचं आणि मग हसत हसत पुकारायचं. चाळीस वर्षांत तो आवाज जराही म्हातारा झाला नव्हता.

एकमेकांचं उचललं असेल, फतीहानं स्वतःला समजावलं. पण नावं वेगळी होती. बख्ताच्या गाण्यात "मुस्तगानमच्या जिलालीसाठी!" जिलाली तेव्हा नऊ वर्षांचा होता. जिलालीच्या गाण्यात नूरियाचं नाव. नूरियाच्या गाण्यात यासिनचं.

यासिनची सीडी लावून तिनं आवाज वाढवला. खोकला आला. मग, "गॅम्बेटातल्या फतीहाच्या सौसनसाठी!"

फतीहा ओरानच्या गॅम्बेटा मोहल्ल्यातच राहायची. सौसन तिची एकुलती एक मुलगी, सतरा वर्षांची. पुढच्या महिन्यात ती अल्जीअर्सला गाण्याच्या स्पर्धेत उतरणार होती आणि घरात दुसरा विषयच नव्हता.

दुसऱ्या दिवशी फतीहा जिलालीला शोधत बाजारात गेली. तो आता करंतिका विकायचा.

"हाजी, तुमच्या कॅसेटमध्ये पुकारा कुणी दिलाय?"

जिलालीनं परातीतल्या बेसनाच्या गरम थराचा तुकडा कापला, पावात घातला, वर जिरं भुरभुरवलं. बोलायला लागला तेव्हा घशातून नुसती हवा निघाली; शब्द ओठांवरूनच कळत होते. "कुणीच नाही. स्टुडिओत मी आणि कीबोर्डवाला, दोघंच होतो."

"मग?"

"मग काय! कॅसेट तुफान चालली. मी एका सकाळी उठलो तो असा. तुला काय वाटलं, करंतिका विकायची हौस होती मला?"

"आणि बाकीचे?"

"बख्ता मुकीच मेली. नूरियाचंही तेच. यासिनला फोन लावून बघ. उचलेल, बोलणार नाही." पाव पुढे करता करता तो थांबला. "तुझ्या घरी कुणी गातं का गं?"

पाव न घेताच ती निघाली. बसमध्ये ती सारखी जागा बदलत राहिली. ते गाणं म्हणू नकोस असं सौसनला सांगावं, तर पोरगी विचारणार, "कुठलं गाणं, यम्मा?" आणि लगेच शोधून ऐकणार. गप्प बसणंही तिला जमेना. तीन दिवस ती घरात नुसती येरझाऱ्या घालत होती.

पुकारलेलं नाव उतरवायची एकच रीत तिला ठाऊक होती. लग्नात कुणी जास्त मोठी नोट दिली की पहिल्याचं नाव पडतं आणि तेच गाणं नव्या नावानं सुरू होतं. पुराव्याशिवाय न बोलणाऱ्या बाईला असलं काही सुचावं याची तिची तिलाच लाज वाटली. पण पोरीच्या आवाजापुढे लाज कसली? नाव आपल्यावर घ्यायचं. आपला आवाज गेला तर गेला. नोकरीही जाईल, जाऊ दे.

शुक्रवारी दुपारी तिच्या भाच्याचं लग्न होतं. अंगणात भर उन्हात वाजंत्री चालू होती. फतीहानं पर्समधली सगळ्यात मोठी नोट बर्राहच्या हातात कोंबली.

"अगं बाई! रेडिओवाल्या मॅडमचा हात आज सुटला!" बहीण हबीबा ओरडली.

"'चपला', माझ्या नावानं," फतीहा म्हणाली. "आधीचं नाव उतरव."

"आधीचं कुणाचं, मावशी?"

"तुला काय करायचंय? उतरव म्हटलं ना!"

तो हसला आणि ओरडला, "आधीचं नाव खाली! 'चपला' आता फतीहाच्या!" गायकाला शब्द येत नव्हते. माईक आपसूक तिच्याकडे आला. जन्मभर फक्त बोललेली फतीहा अख्खं गाणं म्हणाली, एकही ओळ न चुकता. बायकांनी आरोळ्यांनी अंगण डोक्यावर घेतलं. सौसन फोन उंच धरून हसत होती.

सकाळी फतीहाचा आवाज गेला होता.

तिनं यासिनची सीडी लावली. खोकला आला. "गॅम्बेटातल्या फतीहासाठी!" सौसनचं नाव नव्हतं. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून ती पोटभर रडली. किती दिवसांनी तिला सुखानं श्वास घेता आला.

सौसन फोन घेऊन आली. "यम्मा, काल काय गायलीस तू! ऐक."

अंगणातला गलका. बर्राहचा पुकारा. मग तिचाच आवाज. पहिलं कडवं संपलं.

बारीक खोकला.

"हा कोण गं?" सौसननं फोन कानाशी नेला. "काल असं कुणी ओरडलं नव्हतं. माझं नाव घेतोय बघ."

फतीहानं तोंड उघडलं. नुसती हवा निघाली. तिनं फोन हिसकावला आणि सगळं पुसून टाकलं.

"पुसलंस? पुस," सौसन हसली. "पाठ झालंय मला. घसा बसलाय तुझा, थांब, चहा टाकते."

ती शेगडीकडे वळली आणि गुणगुणू लागली. पहिलं कडवं झालं. मग ती थांबली. कुणाचं तरी बोलणं संपायची वाट पाहावी तेवढीच. आणि दुसरं सुरू केलं.