जादा टोला

ठसा जड होता. भिंतीशी उभा करायला वरदने, माझ्या मुलाने, मला हाक मारली. २०१६ साल, त्याचा परदेशातला, यिशुनचा फ्लॅट, भर दुपार.

मी पाथरवट. चौथी शिकलो. या फ्लॅटच्या दारावरची काळ्या दगडाची पाटी मीच कोरली. वर वरदचं नाव, खाली नात अवनीचं.

ठसा प्लास्टरचा. मूळ दगड तुर्कस्तानात, उरार्तू नावाच्या जुन्या राज्यातल्या एका राजाचा लेख. पावणेतीन हजार वर्षांचा. सगळ्या पाचरीसारख्या खुणा. मी बोट फिरवलं. प्रत्येक पाचर संपली की कोरणाऱ्याने एक बारीक जादा टोला मारला होता. हाताची सवय.

हा लेख वाचून त्याचा अर्थ लावला प्रणिताने. विद्यापीठात वरदच्या हाताखाली शिकणारी मुलगी, दोन वर्षं खपली. छापून आला एकट्या वरदच्या नावाने. ती घरी येऊन माझ्यासमोर रडली होती.

"शेवटी काय लिहिलंय?" मी विचारलं.

वरद हसला. "शाप, आबा. हे मी केलं असं जो दुसराच म्हणेल, त्याचं नाव आणि त्याचं बीज, म्हणजे मुलंबाळं, देव सूर्याखाली ठेवणार नाही. सगळे राजे हेच लिहायचे."

"आणि तू काय म्हणालास?"

त्याचं हसू गेलं.

"दुसऱ्याच्या दगडावर नाव घालणाऱ्याला आमच्यात कोणी दारात उभं करत नाही. आज छापणाऱ्यांना पत्र लिही. प्रणिताचं नाव घाल."

"इथे असंच चालतं. तुम्हाला नाही कळायचं."

माझं डोकं सणकलं. हात उगारणार, तोच आवाज आला. टक्... टक्...

"रिनोव्हेशन लाह, आबा," अवनी इथल्या लकबीत, वहीतून डोकं न काढता म्हणाली. "वरती."

आमच्या वर मजला नाही. आणि ते ड्रिल नव्हतं, हाताची टाकी होती. प्रत्येक घावामागून एक बारीक जादा टोला... घरात ताज्या फोडलेल्या दगडाचा वास भरला.

आवाज थांबला. मी दार उघडलं. कॉरिडॉर रिकामा.

पाटीवर वरदचं नाव नव्हतं. कोरलेलं नाव काढलं की खळगा राहतो. इथे खळगा नव्हता. खाली चपलांवर राखाडी पूड, अजून कोमट.

"आबा... लिहितो," वरद मागून पुटपुटला. "आत्ता लिहितो."

पत्र पाठवलं म्हणतो. मला दाखवलंही. इंग्रजीत आहे. मला काय कळणार?

वरदचं नाव मी पुन्हा कोरलं. अवनीच्या नावाला हात लावला नाही. तरी 'अ'च्या टोकाशी आज तसाच एक बारीक जादा टोला आहे.

काल नव्हता.