सुखबिंदू

मे महिन्यात भर दुपारी बारा वाजता वरदखेडची माणसं फिरायला निघत. सकाळी तेहेतीस-चौतीस अंशांचा गारठा असे. त्या वेळी कोणी शहाणा माणूस अंगावरची शाल काढत नसे. दहाच्या पुढे हवेत जरा ऊब येई, म्हातारी मंडळी ओट्यावर येऊन बसत, आणि पारा पन्नाशीला टेकला की बाजार फुलून जाई. रसवंतीवाल्यानं बर्फ कधीच बंद केला होता. तो आता उसाचा रस कोमट करून, वर सुंठ भुरभुरून देई आणि त्याच्याकडे गर्दी हटत नसे. जुने कूलर मात्र वाया गेले नव्हते. सानिकाबाई उरकुडे यांच्या अंगणातल्या कूलरमध्ये कोंबड्या अंडी घालत.

सानिकाबाई साठीला आल्या होत्या. सानिका, आर्या, श्रावणी ही नावं तोवर आजीबाईंची झाली होती. ती ऐकली की चष्मा आणि गुडघेदुखी आठवे. पाळण्यांत पुन्हा यमुना, गोदावरी आणि भागीरथी नांदू लागल्या होत्या. सानिकाबाईंनीही आपल्या एकुलत्या एका लेकीचं नाव यमुना ठेवलं होतं.

वरदखेडला हे सुख कसं लाभलं ते सांगायला हवं. माणसाच्या मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो. अंग किती गरम असावं हे तो ठरवतो. गार वाटलं की हुडहुडी आणि गरम वाटलं की घाम, हा सगळा त्याचाच कारभार. ज्या हवेत त्याची काहीच तक्रार नसते, म्हणजे पंखाही नको आणि पांघरूणही नको, त्या तापमानाला शास्त्रज्ञांनी नाव दिलं सुखबिंदू. तुमचा-आमचा सुखबिंदू पंचविशीच्या आसपास. तो वर सरकवता येईल का, असा प्रश्न नागपूरच्या डॉ. रिद्धी निमजे यांना पडला आणि त्यांनी तो सरकवून दाखवला. त्यांनी एक निरुपद्रवी विषाणू घेतला आणि त्याच्यासोबत दोन निरोप धाडले. पहिला मेंदूतल्या त्या बदामाला: यापुढे चाळिशीपलीकडची हवा म्हणजे छान हवा. दुसरा अंगातल्या प्रत्येक पेशीला: राखणदार प्रथिनं तयार ठेवा. प्रथिनं म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखी. तापली की थिजतात, आणि एकदा थिजली की पुन्हा पातळ होत नाहीत. राखणदार प्रथिनं त्यांना थिजू देत नाहीत. मग अंग कायमचं एकेचाळीसवर राहिलं तरी तो ताप नसतो, ती तब्येत असते.

सव्वा महिना रोज जिभेवर एक थेंब घ्यायचा, एवढंच. मोठ्या माणसाला त्यापायी दोन-तीन महिने अंथरूण धरावं लागे. आणि सव्वा महिना पुरा झाला की सरकलेला बिंदू पुन्हा मागे येत नसे.

गावानं हे थेंब हौसेनं घेतले नव्हते. अकरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वीज गेली ती आठवडाभर आली नाही, आणि कितीतरी माणसं पंख्याखाली पंख्याची वाट बघत गेली. त्यांत सानिकाबाईंचे यजमान तन्मयरावही होते. पुढचा उन्हाळा यायच्या आत अख्ख्या वरदखेडनं निमूट जीभ बाहेर काढली. यमुना तेव्हा चिखलदऱ्याच्या शाळेत, वसतिगृहात होती, म्हणून तेवढी राहून गेली. पुढे तिनं तिथल्याच मुकुंदशी लग्न केलं. त्याचा डोंगरउतारावर कॉफीचा मळा होता. तिथं पहाटे अजून धुकं पडे, त्यामुळे थेंबांची गरज कोणाला भासत नसे.

यमुनाला दिवस गेले तशा सानिकाबाई अडून बसल्या. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं! दिवस भरत होते ते नेमके मे महिन्यात. मुकुंदनं परोपरीनं सांगून पाहिलं, पण सासूबाईंपुढे त्याची डाळ शिजली नाही. शेवटी त्यानं हवा गार करायचं एक यंत्र पाठवून दिलं आणि ते उरकुड्यांच्या मागच्या खोलीत बसवलं गेलं. गाव ते बघायला लोटलं. पोरंटोरं स्वेटर घालून आत शिरत, दात वाजवत बाहेर येत आणि पुन्हा आत शिरत.

मुलगी जिल्ह्याच्या दवाखान्यात झाली. बाळबाळंतीण घरी आल्यावर सानिकाबाई अंगात स्वेटर आणि डोक्याला कानटोपी घालून त्या खोलीत गेल्या. नातीला त्यांनी ओंजळीत उचललं. पोर थंडगार होती. मेलेल्या माणसाचा हात लागतो, तशी.

"यमे! अगं, ही कशी गार लागून राहिली!"

"गार नाही गं आई, ती चांगली सदतीस आहे," यमुना हसली. "तूच तापली आहेस."

बाळाला ते तापणं पसंत पडलं नाही. आजीच्या हातांत त्यानं भोकाड पसरलं, ते आईकडे गेल्यावरच थांबलं. सानिकाबाईंनी मनाची समजूत घातली की नवीन आहे, ओळख होईल. पण रोज तेच. त्या उचलत, पोर रडे. आणि त्यांनाही, खरं सांगायचं तर, तिला हातात घेताना दर खेपेस आधी धस्स होई. आपली नात जिवंत आहे हे त्यांना डोळ्यांनी बघून हातांना सांगावं लागे.

तरी बाळाला न्हाऊ घालायचा मान त्यांनी सोडला नाही. त्या हातांनी गल्लीतली निम्मी पोरं न्हाऊन निघाली होती. पाय लांब करून त्या न्हाणीत बसल्या, नातीला नडगीवर पालथं घातलं, आणि घंगाळात कोपर बुडवलं. पाणी कसं अगदी कोमट, जिवाला बरं वाटेल असं होतं. कोपर कधी खोटं बोलत नाही, हे त्यांना त्यांच्या आजीनं शिकवलं होतं. त्यांनी पहिला तांब्या पोरीच्या पाठीवर ओतला.

किंकाळी ऐकून यमुना ओली बाळंतीण असूनही धावत आली. तिनं मुलीला खेचून घेतलं. इवलीशी पाठ लालबुंद झाली होती.

"आई, केवढं कढत पाणी! काय करून राहिली तू?"

"कोमट होतं गं," सानिकाबाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा पाण्यात कोपर घातलं. ते अजूनही कोमटच होतं.

डॉ. निमजे थेंबवाल्यांची विचारपूस करायला दर आठवड्याला गावात येत. त्यांनी बाळाच्या पाठीला मलम लावलं आणि फोड येणार नाहीत असं सांगितलं, तेव्हा कुठे घरात पाणी प्यायलं गेलं.

"काकू, चूक तुमची नाही, तुमच्या कोपराची आहे," त्या म्हणाल्या.

"कोपर काय माझ्याहून वेगळं आहे? तुम्हीच बिघडवलं नं ते."

"बिघडवलं नाही, सरकवलं. तुमच्या अंगाला जे कोमट, ते तिला चटका देतं. तिच्या अंगाला जे छान, त्यानं तुम्हाला काकडायला होतं. दोघींपैकी कोणीच खोटं बोलत नाही."

"मग तिलेही सरकवा नं!" सानिकाबाई पटकन बोलून गेल्या.

यमुनानं चमकून आईकडे पाहिलं.

"देता येतात थेंब," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तान्ह्या बाळाला ते सोपे जातात. ना फणफण, ना अंथरूण. आठवड्यात बिंदू सरकायला लागतो. पुढे चिखलदऱ्यालाही राहील ती, उन्हाळ्यात एक स्वेटर, हिवाळ्यात दोन. शिवाय वीस वर्षांनी चिखलदराही तापणारच आहे. पण आजवर ज्या बाळांना आम्ही थेंब दिले, त्यांच्या आयाही थेंबवाल्याच होत्या. आई साधी आणि बाळ थेंबवालं, असं अजून कुठे झालेलं नाही."

"म्हणजे काय होईल?" यमुनानं विचारलं.

"तब्येतीला धोका नाही. बाकीचं मला खरंच माहीत नाही. पण सव्वा महिना पुरा व्हायच्या आत थांबवलं तर बिंदू आपोआप जागेवर येतो."

त्यानंतर सानिकाबाईंनी तोंडानं काही मागितलं नाही. त्या नुसत्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसून राहू लागल्या. नात रडली की अर्ध्या उठत आणि पुन्हा बसत. न मागता मागायची ही विद्या आयांना कोणी शिकवावी लागत नाही. यमुनाच्यानं ते बघवेना. आईनं बाबांमागे एकटीनं आपल्याला वाढवलं, आणि तिला नात मिळाली ती लांबून बघायची! तिनं मुकुंदला फोन केला. तो म्हणाला, "पोरीला आजोळ असायला हवं. तुला पटत असेल तर दे." बारशाला मुलीचं नाव गोदावरी ठेवलं आणि त्याच दिवशी सानिकाबाईंनी सहाणेवर हळकुंड, वेखंड, जायफळ उगाळून केलेल्या घुटीत पहिला थेंब पडला.

आठवड्याभरात गोदा आजीच्या हातांत रडायची थांबली. मग ती विसावू लागली. एके दिवशी भर दुपारी सानिकाबाई तिला घेऊन ओट्यावर आल्या. समोर रस्ता उन्हानं लखलखत होता, रसवंतीचे घुंगरू वाजत होते, आणि पोर त्यांच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली होती. ती आता गार लागत नव्हती, माणसासारखी लागत होती. सानिकाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. तन्मयराव गेल्यापासून इतकं भरून पावल्यासारखं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. येणारा-जाणारा थांबे, "कोणावर गेली?" विचारे, आणि त्या ठणकावून सांगत, "माझ्यावर!"

आतून यमुनानं हाक मारली. पाजायची वेळ झाली होती. सानिकाबाईंनी गोदाला आत नेऊन तिच्या मांडीवर ठेवलं. पोरीनं डोळे उघडले, स्तनाला तोंड लावलं आणि झटक्यात मान फिरवली. यमुनानं पुन्हा जवळ घेतलं. ती पाठीची कमान करून किंचाळली.

"आई, ही पीत नाही आहे."

सानिकाबाईंनी उचलताच गोदा शांत झाली.

संध्याकाळपर्यंत असंच चाललं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या, त्यांनी एक हात बाळाच्या कपाळावर आणि एक यमुनाच्या मनगटावर ठेवला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मला आधीच सुचायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "दूध आईच्या अंगाइतकंच गरम असतं. गोदाचा बिंदू सरकलाय. तिला तुमचं दूध फ्रीजमधल्यासारखं लागत असणार. आणि तुमचा हातही."

"माझा हात?" यमुनानं आपले तळवे उलटसुलट करून पाहिले.

तेव्हापासून असं सुरू झालं: यमुना मागच्या गार खोलीत दूध काढून देई, सानिकाबाई ते चुलीवर ऊन करत आणि बोंडल्यानं नातीला पाजत. गोदा मिटक्या मारत पिई, अंग धरू लागली, गालांवर तेज आलं. यमुना दारात उभी राहून बघे. लेक चोखताना दिसली की तिला पान्हा फुटे आणि पोलकं भिजून जाई. सानिकाबाईंना ते दिसत होतं. त्यांना लेकीची दया येत होती. आणि तरी मांडीवरचं ते ऊबदार ओझं त्यांना इतकं सुख देत होतं, की त्यांची त्यांनाच लाज वाटे.

"मी थेंब घेतले तर?" एक दिवस यमुनानं डॉक्टरबाईंना विचारलं. गोदा आजीच्या मांडीवर होती.

"दोन-तीन महिने अंथरूण. मग ती तुमच्याकडे येईल, तुमचं दूधही तिला चालेल, तोवर टिकलं तर."

"आणि मुकुंद?"

"त्यांनी उचललं की ती रडेल. तुमचा हात त्यांनी धरला की तुम्हीही दचकाल. मग तेही घेतील. आणि चाळिशीपलीकडच्या हवेत रमणारी तीन माणसं धुक्यात किती वर्षं काढतील?"

"कॉफीचं काय?"

"कॉफीसाठी थेंब नाहीत."

यमुना हसली, पण ते हसू टिकलं नाही. "आणि मग त्याची आई घेईल, भाऊ घेईल. हे कुठे थांबतं, डॉक्टर?"

"अजून कोणी थांबा म्हटलेलं नाही," डॉ. निमजे म्हणाल्या. "जिथे जिथे थेंब गेले, तिथले सगळे सुखात आहेत. उन्हाळा वाढला अशी तक्रारही आता कोणी करत नाही. पूर्वी मला याचा आनंद व्हायचा." त्यांनी पिशवी उचलली. "सव्वा महिना पुरा व्हायला थोडेच दिवस उरलेत. आज थांबवलं तर पंधरवड्यात गोदा पुन्हा तुमच्या अंगावर पिईल. ठरवा काय ते."

त्या गेल्या. यमुना आईच्या समोर जमिनीवर बसली. तिनं लेकीला हात लावला नाही. तिच्या दुपट्याचं टोक तेवढं चिमटीत धरलं.

"आई," ती म्हणाली, "थांबवू का? तू सांग. तू म्हणशील तसं करते."

सानिकाबाईंना उत्तर ठाऊक होतं. आईनं काय म्हणायचं असतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. थांबव, घेऊन जा तुझी पोर, मी बघेन लांबून. शब्द अगदी जिभेवर आले. त्यांनी खाली पाहिलं. गोदानं झोपेतच त्यांचं बोट मुठीत घट्ट धरलं होतं. मूठ छान गरम होती.

बाहेर लोक फिरायला निघाले होते. कोणीतरी कोणालातरी म्हणत होतं, की आज काय सुरेख हवा पडली आहे.

"थेंबाची वेळ टळून राहिली, यमे," सानिकाबाई म्हणाल्या. "ती घुटीची वाटी इकडे दे."