आठ फुटांत न बसलेलं घर

वेंडेल क्रोगमनला मूर्ख माणसांचा तिटकारा होता आणि त्याच्या मते हार्लन क्रीकमध्ये मक्याच्या खालोखाल त्यांचंच पीक यायचं. तीस वर्षं त्याने गावच्या शाळेत पोरांना नकाशे काढायला शिकवलं. त्यातल्या एकालाही सरळ रेघ जमली नाही, हे तो स्वतःच्या निरोप समारंभात केक खाताखाता सांगून आला.

निवृत्तीनंतर त्याने तळघरात रेल्वे मांडायला घेतली. तिला खेळणं म्हणणाऱ्याला तो जिन्यावरूनच परत पाठवायचा. आठ फूट लांबीची फळी, तिच्यावर एक मुख्य रूळ, तीन फाटे आणि एक चिमुकलं इंजिन. डबे पुढेमागे ढकलत प्रत्येकाला आपापल्या जागी नेऊन लावायचं, हे शंटिंगचं कोडं. गावातल्याच जुन्या मालधक्क्याची ही प्रतिकृती, रूळ उखडले जाण्याआधी होता तशी. आधी धान्याचं उंच कोठार, मग क्रोगमनांचं घर, पलीकडे बड प्रुइटची लाकडाची वखार. सगळं सत्त्याऐंशी पट लहान करायचं.

डिसेंबरात अशा छोट्या रेल्वेंचं प्रदर्शन होतं. गेल्या वर्षी तिथे पहिला नंबर शेजारच्या बडने मारला होता आणि तो वेंडेलच्या घशात काट्यासारखा अडकला होता. बडची गाडी प्लॅस्टरच्या डोंगरातून निघायची आणि कुठे जायचं हे तिचं तिलाही ठाऊक नसायचं. वर त्याच्या बोटभर घरांतून दिवे, टेबलं, खुर्च्या. एका घरात तर बटाटे सोलणारी आजी.

"आजी कशाला?" वेंडेलने विचारलं होतं. "बाहेरून दिसते का?"

"नाही दिसत," बड म्हणाला. "पण घर रिकामं कसं ठेवायचं बाबा?"

नाचता येईना, त्याने आजी बटाटे सोलायला बसवली, असं वेंडेलने घरी येऊन सांगितलं. या छंदातल्या जुन्या लोकांचा एक नियम आहे आणि वेंडेल तो बायबलसारखा पाळायचा. तीन फुटांवरून जे दिसत नाही, ते करायचं नाही.

नकाशाशी त्याने पूर्ण उन्हाळा झटापट केली. कोठाराच्या फाट्यावर चार डबे मावायलाच हवे होते, नाहीतर कोड्यात राम नव्हता. जागा पुरेना. अशा वेळी सगळेच करतात तेच त्यानेही केलं. मधला बिनकामाचा तुकडा कापायचा आणि दोन्ही टोकं जुळवायची. घराला मालाचा डबा लागत नाही. तेव्हा घर गेलं.

त्याची बायको लोर्ना कॉफी घेऊन खाली आली. तिने नकाशावरून बोट फिरवलं आणि ते मध्येच थांबलं.

"आपलं घर कुठंय?"

"बसत नाही."

"माझ्या बाबांनी बांधलंय रे ते. एवढंसं तरी ठेव."

"आठ फुटांत भावना मावत नाहीत, लोर्ना. आपल्या दारात कधी डबा थांबलाय का? मग?"

ती कॉफी ठेवून वर गेली. तिला काय कळतंय, असं म्हणून वेंडेलने पेन्सिलीला टोक केलं.

नोव्हेंबरात त्याने रूळ ठोकले, बारीक खडी पसरली आणि ड्रॉपरने पातळ गोंद सोडला. दुसऱ्या दिवशी खडी दगडासारखी घट्ट झाली होती. कोठाराची भिंत वखारीच्या कुंपणाला अशी भिडली होती की जोड कुठे आहे ते त्यालाच सापडेना. तो स्वतःवर खूश झाला.

त्याच आठवड्यात त्यांचं टपाल बडकडे पडू लागलं. नवा पोस्टमन गाढव आहे, वेंडेल म्हणाला. मग घर तापवणारी भट्टी दुरुस्त करणाऱ्या माणसाचा फोन आला, की तो रस्त्यावर आहे, कोठार दिसतंय, पुढे लगेच वखार लागते, मध्ये घर नाही. वेंडेलने त्याला चष्मा बदलायला सांगून फोन आपटला. घर थंड राहिलं.

मग बड आला. हातात वेंडेलचाच लाकूड आवळून धरायचा शिकंजा होता, परत करायला आणलेला. आत येऊन बसला, पण नेहमीसारखा सैलावला नाही.

"काल पण आलो होतो," तो म्हणाला. "वखारीतून निघालो आणि एकदम कोठारापाशीच पोचलो, वेंडेल. तुझं अंगण लागलंच नाही."

"व्हिस्की कमी कर."

"पीत नाही मी, माहितीये तुला." बड लोर्नाकडे बघत होता. "तुम्ही दोघं ठीक आहात ना?"

लोर्नाने मान डोलावली. बड गेल्यावर ती हळूच म्हणाली, "रविवारी चर्चमधून येताना मलाही दोन फेऱ्या माराव्या लागल्या. वेंडेल, लाव ना ते घर तिथे. माझ्यासाठी."

"तूसुद्धा?" एवढंच तो म्हणाला. पण ज्या सुरात म्हणाला, तो शाळेतल्या पोरांनी तीस वर्षं ऐकलेला होता.

शनिवारी दुपारी ती कुणाचा तरी कॅसरोलचा डबा परत द्यायला गाडी घेऊन गेली. वेंडेल फळीमागच्या पाटीवर आभाळ रंगवत बसला. वर गडद निळं, क्षितिजाशी फिकट. तेवढ्यात फोन वाजला.

"वेंडेल, मला घर सापडत नाहीये."

"परत सुरू झालं का तुझं?"

"ऐक ना. मी गाडीतून उतरलेय. डाव्या हाताला कोठार आहे, उजव्या हाताला बडचं कुंपण. मध्ये बोट घालायला जागा नाही." ती रडत नव्हती, फक्त धाप लागली होती. "मी इथे जन्मलेय रे. मी कशी चुकेन?"

तो वर गेला आणि त्याने पुढचं दार उघडलं. रस्ता होता. डावीकडे कोठार, उजवीकडे वखार, रोजच्या जागी. गाडी नव्हती. बर्फावर ताजं पाऊल नव्हतं.

"हॉर्न वाजव," तो म्हणाला.

हॉर्न फोनमधून आला. बाहेर काहीच वाजलं नाही.

तेव्हा वेंडेल घाबरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाचा राग येईना.

तो तळघरात धावला. रुळाखाली पटाशी घालून बघितली, पण गोंद सुटेना. रूळ आणि आभाळ यांच्यामध्ये जेमतेम नखाएवढी फट होती. त्याने पुठ्ठा घेतला, घराचा नुसता दर्शनी भाग कापला, पांढरा रंग मारला, दोन खिडक्या काळ्या केल्या, हिरवं दार काढलं आणि तो तुकडा आभाळाला टेकवून उभा केला.

"आलं!" लोर्ना फोनवर ओरडली. "दिसलं! अरे देवा, दिसलं. आले हं मी."

तो जिन्याकडे वळला. तिची पावलं फोनमध्ये बर्फावर करकरत होती. मग टकटक झाली.

त्याचं दार कुणी वाजवलं नव्हतं.

"उघड ना," ती म्हणाली. "किल्ली लागत नाहीये. इथे भोकच नाही. मूठ पण नाही, वेंडेल."

"थांब. हलू नकोस."

"आत कुणी नाहीये का? खिडकीतून नुसता काळोख दिसतोय."

"मी आहे. आत मी आहे, लोर्ना."

"मी मागच्या दाराने येते."

"नको!"

पावलं. मग ती थांबली.

"मागे घर नाहीये," ती अगदी हळू म्हणाली. "मागे आभाळ आहे. इथेच, हाताशी. ओलं आहे ते, वेंडेल. माझा हात भरला."

फोन बंद झाला नाही. त्यातून काही येईनासं झालं, इतकंच.

तो फळीपाशी परत आला. भिंगाचा चष्मा डोळ्यांवर ओढून त्याने नाक जवळजवळ पुठ्ठ्याला टेकवलं. घराच्या कडेला, फिकट निळ्या रंगात, पाच बारीक ठसे उमटले होते.

तीन फुटांवरून ते दिसलेच नसते.