मागचे दोन दांडे

एकोणीसशे एकोणऐंशी साल. तेव्हा परगावी फोन लावायचा म्हणजे आधी एक्स्चेंजमधल्या मुलीशी बोलावं लागे आणि ती म्हणेल तेवढं थांबावं लागे. त्या गावात ती मुलगी म्हणजे चिमी. घरातलं शेंडेफळ म्हणून पडलेलं हे नाव चोविसाव्या वर्षीही तिला चिकटून होतं.

सातव्या वर्षी तापात तिचे पाय गेले. तेव्हापासून तिला सगळे उचलत. मायेनं उचलत, पण विचारून कोणी उचलत नसे. ती कोणाशी गप्पांत रंगलेली असे, तेवढ्यात "चल, निघायचं," म्हणत दादा तिला पाठुंगळी घेई आणि तिचं वाक्य तिथंच राही. फोनवर मात्र तिला मध्येच कोणी उचलून नेऊ शकत नसे. म्हणून त्या नोकरीवर तिचा फार जीव होता.

एका संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. दादाला उशीर झाला होता आणि चिमी एक्स्चेंजच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. सायकलच्या मागे दोन मोठी चाकं बांधलेला एक उंच तरुण धापा टाकत आला.

"ट्रंककॉल लावायचा होता. खिडकी बंद झाली का?"

"पाळी बदलतेय. थोडं थांबा."

तो पावसातच थबकला. "तुम्ही... 'थोडं थांबा' ना?"

"काय?"

"आठवडाभर मी रोज फोन करतोय. रोज हाच आवाज, रोज हेच दोन शब्द. मला वाटलं होतं, पन्नाशीच्या बाई असतील. चष्मा, अंबाडा..."

"आणि मला वाटलं होतं, कोणी मोठे साहेब असतील. साधे सायकलवाले निघालात!"

"खुर्चीवाला," त्यानं दुरुस्ती केली.

ज्यांना चालता येत नाही त्यांना चाकांच्या खुर्च्या फुकट देणारं एक परदेशी मिशन गावात आलं होतं. प्रत्येकाच्या मापानं खुर्ची बसवून द्यायची आणि संपलं की पुढचा देश गाठायचा. तो त्यांच्यातला फिटर. भाषा मिशनमध्येच शिकलेला, त्यामुळे फार नीट बोलायचा.

"बरं, तुमच्या त्या खुर्च्या..." चिमीनं सुरुवात केली, तोच दादा आला. "चल गं, भिजशील!" आणि ती त्याच्या पाठीवर.

"अहो, थांबा!" खुर्चीवाला मागून ओरडला. "त्यांचं वाक्य राहिलं!"

दादानं वळूनही पाहिलं नाही. चिमीनं मात्र वळणापर्यंत मान वळवून पाहिलं. असं तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला.

"कोणता नंबर हवाय?"

"नंबर नकोय. कालचं वाक्य हवंय."

शेजारच्या बोर्डावरच्या बाईंनी भुवया उंचावल्या. चिमीनं हेडफोन घट्ट धरला. "म्हणत होते, तुमच्या खुर्च्यांची आमच्या चढावर डाळ शिजेल का?"

"बसून बघा. माप घ्यायला उद्या येऊ?"

तो आला. तिचं माप घेतलं, दाराचं घेतलं, चढावर चालून आला. एक्स्चेंजच्या पायऱ्यांवर टाकायला फळ्यांचा उतारही त्यानंच ठोकला. प्रत्येक वेळी टेप लावण्याआधी विचारायचा, "हात लावू?" आणि चिमी उगाच जरा वेळ घेऊन म्हणायची, "लावा."

खुर्च्या वाटायचा दिवस आला. मिशनच्या हॉलमध्ये मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. एकेक जण खुर्चीत बसे, घरचं कोणी मागून ढकलत नेई, टाळ्या होत. चिमीचा नंबर आला तशी ती म्हणाली, "मला मागचे दांडे नकोत."



"अगं, दांडे नसले तर तुला ढकलणार कोण?" आईनं विचारलं.

"कोणीच नाही. तेच तर हवंय."

"दांड्यांशिवाय खुर्ची या हॉलबाहेर जात नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "सुरक्षिततेचा नियम आहे."

"मग मलाही खुर्ची नको. पाठीवरून उतरून दुसऱ्याच्या हातात जायचं, एवढाच फरक असेल तर दादाची पाठ काय वाईट?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी चालून आलेली खुर्ची हातची जाणार! खुर्चीवाला खाली बसून मागं काहीतरी खुडबुड करत होता. उठून म्हणाला, "सिस्टर, दांडे आहेत. जाऊ द्या त्यांना."

दादा खुर्ची ढकलत हॉलच्या फाटकाबाहेर आला. खुर्चीवाल्यानं पुढं होऊन बोटांनीच चार स्क्रू फिरवले, दोन्ही दांडे ओढून काढले आणि चिमीच्या मांडीवर ठेवले.

"नियम हॉलपुरता आहे. आता हे कोणाच्या हातात द्यायचे, ते तुम्ही ठरवा."

चिमीला बोलायचं होतं, पण शब्द फुटेना. या खेपेला कोणी मध्ये आलं नव्हतं तरी.

मग चढाची सवय सुरू झाली. रोज संध्याकाळी ती चाकं रेटायची आणि तो बाजूनं चालायचा, दोन्ही हात खिशात घालून. अर्ध्यावर दंड भरून येत, खुर्ची मागं घसरे, ती रडकुंडीला येई. तो मागं जाऊन उभा राही, पाय टेकवून, पण हात खिशातच.

"अहो, माणूस आहात की खांब?" एक म्हातारे खेकसले. "ढकला की जरा!"

"त्यांनी सांगितलेलं नाही."

"मेला अगदीच..." चिमी पुटपुटली आणि हसू आवरेना म्हणून पुन्हा चाकं धरली. त्या दिवशी चढ सर झाला. वर पोचल्यावर त्यानं खिशातून हात काढले. तळव्यात नखं रुतल्याच्या खुणा होत्या. चिमीनं त्या पाहिल्या आणि काय ओळखायचं ते ओळखलं.

पण मिशनचं काम संपलं होतं. त्यानं दोन वर्षांच्या सेवेचा शब्द दिला होता आणि तो अर्धाही झाला नव्हता. निघायच्या दिवशी तो व्हरांड्यात आला. त्याच बाकावर बसला.

"माझी सेवा संपली की... म्हणजे मी परत आलो, तर तुम्ही..." नीट बोलणाऱ्या माणसाची भाषाच पळाली होती.

चिमीनं त्याला वाक्य पुरं करायला भरपूर वेळ दिला. त्याला ते जमेना. मग तिनं पिशवीतून एक दांडा काढून त्याच्यापुढं धरला.

"एका दांड्यानं काही ढकलता येत नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. दुसरा माझ्याकडे आहे."

त्यानं दांडा घेतला. "मग मी काय समजू?"

"थोडं थांबा," चिमी म्हणाली. दोघंही हसले, आणि तो डोळे पुसत गेला.

सेवा संपली त्या दिवशी दूरच्या देशातून ट्रंककॉल आला.

"कोणाशी बोलायचंय?"

"ऑपरेटरशी. अजून किती थांबू?"

शेजारच्या बाईंनी आपला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्या नोकरीत एवढा मान त्यांनी कोणाच्याच बोलण्याला दिला नव्हता.

"या," चिमी म्हणाली.

तो आला, तिथंच राहिला आणि त्यानं खुर्च्यांच्या दुरुस्तीचं दुकान काढलं. दादाची पाठ मोकळी झाली, पण वर्षभर त्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटे. आईनं शेवटपर्यंत जावयाला, "जरा ढकलत जा हो," म्हणून टोकलं. मोठ्या सिस्टर मायदेशी परतल्या. जाताना मिशनच्या सगळ्या खुर्च्यांना सुटे दांडे लावायचं फर्मान काढून गेल्या. एक्स्चेंजही पुढं बंद पडलं आणि लोक आपापले नंबर आपणच लावू लागले.

दोन्ही दांडे तीस-पस्तीस वर्षं एकाच कपाटात पडून होते. मग त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. काठी धरायला तो तयार होईना. एका सकाळी चिमीनं दांडे काढले, पुसले आणि त्याच्या हातात दिले.

"लावा मागं. ढकलायला नव्हे हं. तुम्हाला टेकायला."

तेव्हापासून संध्याकाळी दोघं चढावर दिसत. ती पुढं चाकं रेटत असे आणि तो मागं दांडे धरून, तिच्या जोरावर, सावकाश पाय टाकत असे. लोक म्हणत, "बायकोला किती जपतो हो हा म्हातारा!"

चिमी ऐकून घेई. कोणाचं वाक्य मध्येच तोडायचं नाही, हा तिचा नेम होता.