पडद्याखालचे चार पाय

इबू सुमार्नींच्या कोसच्या, म्हणजे मुलींच्या वसतिगृहाच्या, स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या फळीत, एनॅमलच्या बारा ताटल्या होत्या. प्रत्येकीच्या काठावर लाल रंगात एकेका मुलीचं नाव. रमजान लागला की बाराही पालथ्या व्हायच्या. संध्याकाळचा रोजा मशिदीतून येणाऱ्या डब्यांवर सुटे, त्यामुळे ताटल्यांना काम नसे. मग एखादीची पाळी आली की तिला रोजातून सुट्टी. ती आपली ताटली सुलटी करून ठेवी आणि इबू – म्हणजे सगळ्यांची ‘आई’ – काही न विचारता तिच्यात दुपारचा भात वाढत. कुणी काही सांगायचं नाही, कुणी लाजायचं नाही. फार सोयीची पद्धत होती.

बाविसाव्या रोजापर्यंत अकरा ताटल्या कधी ना कधी सुलट्या होऊन परत पालथ्या झाल्या होत्या. बारावीवर धूळ होती.

इबूंनी त्या धुळीतून बोट फिरवलं, बोट डोळ्यांसमोर धरलं आणि हाक मारली, "वेनिंग! इकडे ये."

वेनिंग आली. हातात तापमापक, केसांत खोचलेली पेन्सिल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"तुझ्या ताटलीवर धूळ बसलीय."

"पुसते, इबू."

"पुसून काय होणार? कोण आहे तो?"

"कोण... कोण?"

"तेच तर मी तुला विचारतेय!"

वेनिंगला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिच्या हातातला तापमापक पडता पडता वाचला. "इबू, तसलं काही नाही हो! पाळी लांबलीय, बाकी काही नाही."

"लांबलीय! किती लांबलीय ते नऊ महिन्यांनी अख्ख्या गल्लीला कळेल." इबूंनी बोट ओढणीला पुसलं. "लोक माझ्या भरवशावर मुली ठेवतात. रविवारपर्यंत ही ताटली सुलटी दिसली नाही, तर तुझ्या बापाला फोन."

वेनिंगचे वडील गप्प माणूस. त्यांनी काही विचारलं नसतं. तंबाखूच्या शेतातून तसेच येऊन तिचं सामान ट्रकमध्ये चढवलं असतं. आणि तिच्या प्रबंधाला अजून दोन आठवडे हवे होते! तिचा विषय टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी – ती बनवताना दाण्यांवर चढणारी पांढरी बुरशी किती उबेला किती वेगाने वाढते. त्यासाठी दिवसरात्र दर तीन तासांनी उठून मोजमाप करायचं. तिच्या खोलीतल्या पेट्यांत बुरशी सुखाने झोपायची, वेनिंग नाही.

ताटली खोटी सुलटी करणं शक्य नव्हतं. इबू समोर उभ्या राहून जेवू घालायच्या आणि रोजा मोडायची तिची तयारी नव्हती. विचार करता करता तिला कोपऱ्यावरची खाणावळ आठवली. तिथे दुपारी जेवताना दिसलं, तर पाळी आली असंच इबू समजतील.

रमजानभर त्या खाणावळीला पडदा असतो. आत कोण जेवतंय ते दिसू नये म्हणून. पण पडदा गुडघ्यापर्यंतच येतो, आणि त्या गल्लीत सगळे एकमेकांना पायांवरून ओळखतात.

बुधवारी दुपारी वेनिंगने पिवळ्या पट्ट्यांच्या चपला घातल्या, पडद्याआड बाकावर बसली, भात आणि नारळाच्या रसातली भाजी मागवली आणि चमचा ताटलीवर वाजवायला लागली. टिण्... टिण्... इबू दुपारच्या नमाजानंतर याच रस्त्याने परततात.

"म्बाक... भाताचं काही चुकलं का?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण मान खाली घालून जेवत होता. अनोळखी मुलीला तिकडे अदबीने ‘म्बाक’ म्हणतात, पुरुषाला ‘मस’. खाकी सरकारी सदरा, गालफडं बसलेली, पण डोळे हसरे.

"नाही. का?"

"मघापासून मारताय त्याला."

"हळू बोला. माझा रोजा आहे."

त्याने तिच्या ताटलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा ताटलीकडे. "तुमचा रोजा आहे... म्हणून तुम्ही खाणावळीत आलात."

"मी जेवतेय असं बाहेरच्यांना वाटलं पाहिजे."

"आणि मी जेवतोय हे बाहेरच्यांना कळलं नाही पाहिजे," तो खजील होत म्हणाला. "टायफॉइड झालाय. डॉक्टरांनी चौदा रोजे बंद केलेत. धडधाकट गडी दुपारी जेवताना दिसला की लोक कसे बघतात, माहितीये ना?"

"धडधाकट कुठाय? सदरा तर खुंटीला टांगल्यासारखा दिसतोय."

तो मोठ्याने हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवून पडद्याकडे बघू लागला. वेनिंगने आपली ताटली त्याच्याकडे सरकवली. "घ्या. अन्न वाया जाईल."

"माझी एक झालीय."

"मग दुसरी. आणि चमचा वाजवत खा."

त्याने वाजवत खाल्लं. पडद्याखालून इबूंच्या काळ्या चपला आल्या, पिवळ्या पट्ट्यांपाशी क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या. वेनिंगने श्वास सोडला.

त्याचं नाव जत्मिको. वजनमापं खात्यात होता. ईदच्या आधी बाजारातले तराजू तपासत फिरायचा. खिशात छोटा ताणकाटा असायचा आणि त्याला वजन केल्याशिवाय चैन पडायचं नाही. गुरुवारी त्याने तिच्या भाताचं वजन केलं, शुक्रवारी पापडासारख्या कुरकुरीत क्रुपुकचं.

"नऊ ग्रॅम," तो म्हणाला. "आणि हा आवाज बघा किती करतो. तुमच्यासारखाच."

"मी आवाज करते?"

"तुमचा चमचा करतो. तुम्ही नुसत्या... असता."

हे बोलून तो इतका गांगरला की त्याने क्रुपुक ताणकाट्यासकट भाजीत बुडवला.

शनिवारी त्याने विचारलं, "म्बाक, हे नाटक कुणासाठी आहे?"

वेनिंगने सरळ सांगितलं. पाळी, ताटली, धूळ, रविवार, बाप. प्रयोगशाळेत निकाल सांगावा तसं. त्याचे कान लाल झाले, पण त्याने नजर चुकवली नाही.

"जेवता किती तुम्ही?" त्याने विचारलं.

"भरपूर."

"भरपूर हे माप नाही."

"वजन सेहेचाळीस आहे माझं. कोसच्या काट्यावर केलंय."

"तो काटा शेवटचा कधी तपासला?"

उत्तर द्यायच्या आत पडदा सर्रकन बाजूला झाला.

इबू उभ्या होत्या. "चार पाय! रोज चार पाय! बुधवारी म्हटलं असेल कुणी. गुरुवारी तेच बूट. शुक्रवारी तेच बूट!" त्यांनी जत्मिकोला बुटांपासून केसांपर्यंत पाहिलं. "तर हा तो!"

जत्मिको उठून उभा राहिला. तोंडात घास होता. "इबू, मी... मी फक्त भात खाल्लाय."

"कुणाचा?"

"यांचा."

"हिचा भात हा खातो!" इबू आकाशाकडे बघून ओरडल्या. "पोर दोन जिवांची, आणि हा तिच्या ताटातलं खातो! माणूस आहेस की टोळ?"

"इबू, मी दोन जिवांची नाहीये!"

"चला. आत्ताच्या आत्ता आरोग्य केंद्रात. दोघंही."

वेनिंग हळूच म्हणाली, "मस जत्मिको, तुम्ही जा. तुमचा काही संबंध नाही."

"मी आता गेलो तर पळाला म्हणतील," तो म्हणाला. "आणि मग बोल तुम्हालाच लागेल." त्याने दोन्ही ताटल्यांचे पैसे ठेवले आणि इबूंच्या मागोमाग निघाला. गल्लीतल्या सगळ्या दारांतून माणसं बघत होती. त्याची मान ताठ होती, पण कान अजून लालच.

आरोग्य केंद्रातल्या बू एन्दांग गावातली निम्मी पोरं हातावर झेललेल्या बाई. त्यांनी इबूंना आणि जत्मिकोला बाहेरच्या बाकावर बसवलं, दार लावलं आणि वेनिंगला एक डबी देऊन आत पाठवलं. पाच मिनिटांनी पट्टीवर एकच रेघ उमटली.

"हे अपेक्षितच होतं ना?" बू एन्दांगनी विचारलं.

"हो."

"मग काट्यावर चढ."

एक्केचाळीस किलो दोनशे ग्रॅम.

"पण मी सेहेचाळीस आहे!" वेनिंग ओरडली.

"तो काटा बरोबर आहे!" दाराबाहेरून जत्मिकोचा आवाज आला. "गेल्या आठवड्यात मीच तपासलाय!"

"तू गप्प बस!" हा इबूंचा आवाज.

बू एन्दांग हसू दाबत बसल्या. "पहाटे सहरीला काय खातेस?"

"कॉफी. कधीकधी बिस्किट."

"झोप?"

"तीन-तीन तासांनी उठावं लागतं. बुरशीची वाढ मोजते मी."

"बरं. त्या बुरशीला ऊब कमी पडली, दाणा कमी पडला, तर काय करते ती? मरते?"

"नाही. वाढ थांबवते. परिस्थिती सुधारेपर्यंत वाट ब..." वेनिंग वाक्याच्या मध्येच थांबली.

"बोल की."

"...वाट बघते."

"तुझ्या शरीराचंही तेच. खायला नाही, झोप नाही, डोक्याला घोर. असं झालं की मेंदू अंडाशयाला निरोप पाठवणं बंद करतो. बीज तयार होत नाही, मग पाळी येणार कुठून? वजन झपाट्याने उतरलं की पुष्कळ मुलींचं असं होतं." बू एन्दांगनी पेन खाली ठेवलं. "नेहमी एवढंच कारण असतं असं नाही. थायरॉइड असू शकतं, अंडाशयाचा काही त्रास असू शकतो. म्हणून आज रक्त देऊन जा, आणि महिन्याभरात नाही आली तर परत ये. तोवर उरलेले चार रोजे सोड, नंतर भरून काढ. आणि झोप. बुरशी तुझ्याशिवाय एक रात्र काढेल."

वेनिंग बाहेर आली. "एकच रेघ," तिने सांगितलं. "मी उपाशी आहे, इबू. तेवढंच."

इबू बाकावरून उठून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं."

"असं सांगतात होय? नीट सांगायचं!" त्यांनी डोळे पुसले आणि राग काढायला माणूस हवा म्हणून जत्मिकोकडे वळल्या. "आणि तू, तिचा भात खाणाऱ्या! चढ काट्यावर!"

तो मुकाट्याने चढला. एकसष्ट किलो.

"हासुद्धा उपाशीच!" इबू कपाळावर हात मारून म्हणाल्या.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी बारावी ताटली खाली काढली, धुतली, पुसली आणि स्वतःच्या हाताने सुलटी ठेवली. माफी त्यांनी मागितली नाही. त्याऐवजी अंडी, केळी, तळलेलं टेंपे आणि पुन्हा अंडी असा मारा सुरू झाला. रात्रीचं मोजमाप बाकीच्या अकराजणींनी पाळ्या लावून वाटून घेतलं. एकदा तर पहाटे खुद्द इबू तापमापक उलटा धरून बसलेल्या सापडल्या. प्रबंध चार दिवस उशिरा गेला. रक्ताचा अहवाल चांगला आला.

ईद होऊन गेली. खाणावळीचा पडदा उतरला. जत्मिकोचे चौदा रोजे भरायचे राहिले होते, वेनिंगचे चार. बू एन्दांगनी वजन पाहून परवानगी दिल्यावर दोघं सोमवारी आणि गुरुवारी रोजा धरू लागले आणि संध्याकाळी खाणावळीच्या बाकावर एकत्र सोडू लागले. बाकाला दोन टोकं होती. ती हळूहळू वापरात राहिली नाहीत.

"मस, तुमचा क्रुपुक माझ्यापेक्षा मोठा आहे."

"अकरा ग्रॅम. तुमचा दहा."

"मग द्या अर्धा ग्रॅम इकडे."

त्याने तुकडा मोडला, वजन केलं आणि दिला. बरोबर अर्धा ग्रॅम नव्हता; जास्त होता.

एका गुरुवारी भर दुपारी त्याला तिचा निरोप आला – खाणावळीत या. आत्ता. तो सायकल हाणत, घामाघूम होऊन पोचला. वेनिंग बाकावर बसली होती. समोर तिची एनॅमलची ताटली, लाल नावाची, कोसमधून खास उचलून आणलेली. तिच्यात भात, भाजी, दोन अंडी. आणि तिचे दोन्ही गाल भरलेले.

तो ताटलीकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

"सुलटी?" त्याने विचारलं.

तिने घास गिळला. "सुलटी."

तो तिच्या शेजारी बसला. त्याचा रोजा होता. पुढ्यात पाण्याचा पेलाही नाही. त्याने रिकामा चमचा उचलला आणि टेबलाच्या कडेवर वाजवला. टिण्... टिण्...

"आता तुम्ही कुणासाठी नाटक करताय?" ती हसत म्हणाली.

"नाटक नाही. धीर गोळा करतोय." त्याने चमचा खाली ठेवला. "पुढच्या रमजानला... सहरीला उठवायला मी असलो तर? कॉफीवर भागवू देणार नाही, वेनिंग."

म्बाक गळून पडलं होतं. दोघांनाही ते कळलं.

"ही मागणी आहे की खात्याची तपासणी?"

"दोन्ही."

"तपासणी दरवर्षी करावी लागते म्हणे."

"दरवर्षी. नियमच आहे."

वेनिंगने शेवटचं अंडं संपवलं, अगदी सावकाश. "मग चालेल," ती म्हणाली. "पण आधी इबूंना विचारा. त्यांना वाटतंय तुम्ही टोळ आहात."

"त्यांना मी सकाळीच विचारलं. त्या म्हणाल्या, आधी दोघं काट्यावर चढून दाखवा. मागच्या वेळी दोघं मिळून जेमतेम एकशे दोन किलो भरलात."

रस्त्यापलीकडे तांदळाचं दुकान होतं, आणि दाराशी पोती मोजायचा मोठा काटा. तो त्याने सकाळीच तपासला होता. मोहरेची शाई अजून ताजी होती. दुकानदार बाजूला झाला. फळी दोन माणसांना तशी अपुरीच होती.

"हलू नकोस," तो म्हणाला.

"तुम्हीच हलताय."

काटा थरथरला, मागे गेला, पुढे आला आणि थांबला.

एकशे आठ किलो सहाशे ग्रॅम.