टाकीतली हाक

ही ऐकीव गोष्ट नाही. माझी मावसबहीण महेजबीन अजून त्याच कारखान्यात कामाला आहे, आणि हे तिच्या डोळ्यांदेखत घडलंय.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावस्या. वरवे बुद्रुकजवळचा छोटा कारखाना. भर दुपार.

वेल्ह्याकडच्या भाताच्या पेंढ्यातून साखर काढायची, ती यीस्टला खाऊ घालायची आणि इथेनॉल बनवायचं, हे तिचं काम. पेंढ्यात साखरा दोन जातीच्या. साधं यीस्ट एक खातं, दुसरीला तोंड लावत नाही. महेजबीननं दोन्ही खाणारं यीस्ट वाढवलं होतं. त्या दिवशी या नव्या यीस्टची पहिली टाकी उपसून झाली. दोन्ही साखरा फस्त. ती खुशीत होती.

पण आंबताना जो वायू सुटतो, तो हवेपेक्षा जड. टाकी उपसली तरी तळाशी साचून राहतो. दिसत नाही.

आदल्या वर्षी भिमा नावाचा कामगार तीच टाकी धुवायला आत उतरला होता...

जिवंत वर आला नाही.

मॅनेजर प्रद्युम्न सर म्हणाले, "बंडूला उतरवा. दहा मिनिटांचं काम आहे."

बंडू भिमाचा धाकटा भाऊ.

"कुणी उतरणार नाही," महेजबीन म्हणाली.

तेवढ्यात रिकाम्या टाकीतून आवाज आला...

टक्. टक्.

मग हाक.

"बंडू... ये खाली. हवा हाय हितं."

बंडू पांढराफटक पडला. तरी त्याचा पाय शिडीवर गेला. महेजबीननं मागून त्याची कॉलर धरली.

"सोडा ताई. दादा हाय माजा."

तिनं त्याची कॉलर सोडली नाही. दुसऱ्या हातानं दोरीला बांधलेला गॅसमीटर आत सोडला. तळाला टेकताच तो कोकलायला लागला. आत श्वासापुरतीही हवा नव्हती.

"हवा हाय, बंडू..."

"खोटं बोलतोस," ती टाकीत वाकून म्हणाली. "एक गेला तेवढा पुरे. दुसरा मी देणार नाही."

सरांना फक्त मीटर ऐकू येत होता. "कुणाशी बोलताय? त्याला उतरवा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

तिनं मीटर ओढून घेतला, झाकण लोटलं, कडी घातली आणि वर ठाण मांडून बसली.

"आजच काढा. मी उठत नाही."

सर पाय आपटत निघून गेले. बंडू भिंतीशी बसून रडत होता.

आणि झाकणाखालून, अगदी हळू...

"मॅडम... मग मला तरी वर घ्या."

तिनं कडी काढली नाही.

आता ती टाकी वरूनच पाईपनं धुतात. आत कुणी उतरत नाही. "मी केलं ते बरोबरच केलं," असं ती आजही ठासून सांगते.

पण ती शेवटची हाक तिच्या डोक्यातून जात नाही.

कारण त्या कारखान्यात तिला कुणीच मॅडम म्हणत नाही.

भिमा तर तिला ताईच म्हणायचा...